आत उघडणारं दार

रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी बार्शीत माझ्या स्वयंपाकघरात शेंगा भाजत होते. रफिकभाई म्हणजे सोलापुरातल्या आमच्या अण्णाचे शेजारी, भिंतीला भिंत. "शोभाताई, जल्दी निघा. अण्णा बाथरूममध्ये पडले, दवाखान्यात आणलंय," एवढंच म्हणाले. एसटीत बसले आणि वैराग येईपर्यंत मी मनातल्या मनात अण्णालाच बोलत होते... कितीदा सांगितलं, ओल्या फरशीवर जपून चाल, रबरी चटई टाक. काळजी वाटली की मी चिडते, माझा स्वभावच तसा. वैरागच्या पुढं पुन्हा फोन वाजला. "अण्णा दारालाच टेकून पडले होते ताई. दार आत ढकलताच येईना." ते दार मी बसवून घेतलेलं होतं.

चौथ्या दिवशी अण्णा गेला. त्याला आता तीन महिने होतील. माझा थोरला भाऊ. चादरींच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला, मागांची दुरुस्ती करणारा जॉबर म्हणून. बिघडलेल्या मागाला हात लावण्याआधी तो बराच वेळ नुसता उभा राहून ऐकायचा म्हणे. तीच सवय घरी. नळवाला असो, वायरमन असो, अण्णा आधी त्याचे हात बघणार, डोळे बघणार, मग काम सांगणार. कामाला तास लागायचा आणि माणूस ठरवायला महिना. वहिनी म्हणायची, "पोरीला नवरा बघितल्यागत बघतेत हो!" आणि अण्णा तोंड भरून हसायचा.

गेल्या वर्षी बाथरूमचं लाकडी दार खालून कुजलं. पहिला सुतार आला तो उंबऱ्यातच टेप ओढत आला. अण्णानं त्याला पाणी पाजून परत पाठवलं. "त्यानं दार बघितलं, घर न्हाई बघितलं," म्हणाला. दुसरा पोरगा दर वाक्याला "काका, टेन्शन घेऊ नका" म्हणत होता. "येतायेताच असं म्हणतंय म्हंजे पुढं मलाच घ्यावं लागतंय की," म्हणून तोही गेला. मग कुंभारीहून मल्लिनाथ आला. त्यानं म्हणे आधी ते कुजकं दार आठ-दहा वेळा उघडलं, लावलं. मग वहिनीला विचारलं, गुडघं दुखतात का, आतनं कडी लावता का, घरात दोघंच का. त्या दिवशी अण्णाचा मला फोन. लहान मुलासारखा खूश. "शोभे, माणूस सापडला! दार भायेर उघडणारं करतो म्हणतोय. आत माणूस पडलं तर दार उघडाय तर पायजे, म्हणतोय. भायेरचं बेसिन तेवढं सरकवावं लागतंय. हातात एक काम हाय त्येच्या, वीस दिवसांनी येतो म्हणाला." मी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ऐकत होते मोबाइलवर. "हो हो, बरं झालं," म्हटलं. त्यानं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

वीस दिवसांचे चाळीस झाले. मी एका बारशाला सोलापूरला गेले, तर दार सुतळीनं बांधलेलं आणि खालच्या भोकापुढं वहिनीनं बादली उभी केलेली. माझं डोकं फिरलं. "तुझा तो मल्लिनाथ काय स्वर्गातनं लाकूड आणायला गेलाय का?" अण्णा शांतच. "तडी गं," म्हणाला. घरातल्या कानडीत तडी म्हणजे थांब. मला आयुष्यभर त्यानं हाच एक शब्द सांगितला असेल. मी पायात चप्पल घातली, बाजारात गेले, दुकानात प्लॅस्टिकचं तयार दार पसंत केलं आणि दुपारी माणूस घेऊनच आले. दोन तासांत दार उभं. मध्येच त्यानं विचारलं, "मॅडम, बाहेर उघडायचं तर बेसिन आडवं येतंय. आत उघडू दे का?" मी म्हटलं, "काय करायचं ते करा हो, माझी साडेपाचची गाडी आहे." अण्णा पलीकडं खुर्चीत बसून ऐकत होता. म्हणाला फक्त, "झालं मनासारखं?" आणि मग मल्लिनाथला फोन लावून, तू येऊ नको, माझ्या बहिणीनं केलंय काम, असं त्यालाच समजावत राहिला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत मोठा रक्तस्राव होता, दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं झाली म्हणून फरक पडला नसता. रफिकभाई म्हणाले, "प्लॅस्टिकचं होतं म्हणून दोन लाथेत फुटलं ताई, लाकडाचं असतं तर?" सगळे मला सावरत होते आणि मला सगळ्यांचाच राग येत होता. मल्लिनाथनं केलं असतं तर लाथच मारावी लागली नसती, हे कुणी का म्हणत नव्हतं? अण्णाचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. दुसऱ्या दिवशी तो थोडा भानावर आला. मी त्याचा हात धरला. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून आणलं होतं... त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. "जेवलीस का?" मला इतकं असह्य झालं की मी "हो" म्हणून बाहेर व्हरांड्यात निघून गेले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तेराव्यानंतर मी सोलापुरातच राहिले. वहिनीनं फुटलेलं दार काढायला लावलं होतं आणि तिथं एक चादर टांगली होती. नवीन दाराचं नाव काढलं की, "दार नको." पाहुणे असले की बिचारी अंघोळ उजाडायच्या आत उरकायची. ती चादर वाऱ्यानं हलली की मी उठून घरभर फिरायचे. मल्लिनाथचा नंबर अण्णाच्या मोबाइलमध्ये होता. आठ दिवस मी तो लावत होते आणि रिंग जायच्या आत कापत होते. काय सांगणार होते मी त्याला? शेवटी एकदा बोलले. सगळं बोलले, न विचारता. तो एवढंच म्हणाला, "उद्या येतो ताई."

तो आला तशी मी सुरूच झाले. बेसिन काढा, बाहेर उघडणारं करा, चांगलं लाकूड घ्या... त्यानं ऐकून घेतलं आणि वहिनीकडं वळला. "तुमी सांगा की वहिनी." ती म्हणाली, "दार नको." "बरं. नको तर नको." तो खाली बसला, चहा प्याला. वहिनीशी कानडीत अण्णाबद्दल बोलला. मग कप ठेवताना म्हणाला, "आतनं कडीच नको लावू या. नुसतं वढून घ्यायचं. भायेरनं कुणीबी बोटानं उघडंल." वहिनी उठून चादरीपाशी गेली. "किती दिवस लागतील?" तिनं विचारलं. "महिना तरी." त्यानं माझ्याकडं बघितलं. "लागू दे," मी म्हटलं.

परवा बेसिन सरकवून दार बसलं. मल्लिनाथ गेल्यावर वहिनी कितीतरी वेळ दारासमोर उभी होती. मग पाय धुवायला म्हणून आत गेली आणि दार ओढून घेतलं. मी बाहेर स्टूल टाकून बसले. पाण्याचा आवाज, आणि मध्येच, "शोभा, हायस का?" "आहे वहिनी." परत थोड्या वेळानं, "हायस का गं?" "आहे की!" मग नळ बंद झाला आणि काहीच ऐकू येईना. मी हाक मारली. उत्तर नाही. मी ताडकन उठले, दाराच्या कडेला बोट घातलं... दार अलगद बाहेर आलं. वहिनी पदरानं पाय पुसत होती. दचकून म्हणाली, "अगं, काय झालं?"

काही झालं नव्हतं. बोटानं ओढलं आणि उघडलं, एवढंच. त्या दारात उभी राहून, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा, मी हमसून हमसून रडले.