पाण्यात ठेवलेलं रीळ

माझ्या आज्याचा एकही फोटो नाही. एक फिल्म होती, ती मी नासवली. बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

सिनेमा बोलायला लागण्याआधीच्या काळात आजा फिरत्या तंबू-सिनेमात कामाला होता. भंडाऱ्यापासून दुर्गपर्यंतच्या बाजारांत बैलगाडीवर तो तंबू जायचा. आज्याचं पहिलं काम पडद्यावर पाणी मारायचं. पडदा ओला असला की चित्र मागच्या अंगालाही दिसायचं, आणि मागे आमचे लोक बसायचे. पुढे बसायला त्यांना मनाई होती. आजीनं जो काही सिनेमा पाहिला तो असा पाठीकडून, चित्रांच्या मधे येणाऱ्या पाट्यांवरची अक्षरं उलटी. "मले कोठी वाचता येत होतं," म्हणून ती हसायची.

सिनेमा दाखवायच्या मशीनचा दांडा फिरवणारा गडी पळून गेला तेव्हा मालकानं आज्याला दांड्यावर घेतलं. सगळं हातानंच. बाजाराच्या दिवशी मालक कानाशी येऊन "जल्दी, जल्दी" करायचा, म्हणजे एक खेळ आटोपून दुसरा लावता येईल. मग पडद्यावरची प्रेतयात्राही पळत जायची.

याच मालकानं कुठून तरी कॅमेरावाला आणून आपल्याच तंबूची थोडी फिल्म काढवून घेतली. तिच्यात काही क्षण आजा होता. तंबूतून बाहेर येतो, मालक उभा असतो तिथे मशीनपाशी चालत जातो, दांडा धरतो. तंबू कायमचा गुंडाळला गेला तेव्हा आज्यानं ते रीळ मागून घेतलं. बाबा सहा महिन्यांचे असताना तो तापानं गेला.

बाबा पुढे भिलाईच्या प्लांटमध्ये लागले. रीळ ठेवलेला पत्र्याचा डबा आधी सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आला, मग कोहक्याच्या घरात. मी लहान असताना ते मला खिडकीपाशी न्यायचे, फिल्म उजेडात धरायचे. नखाएवढा माणूस दिसायचा.

"हा तुहा आजा. पण मी त्याले चालताना नाही पाह्यलं. माणूस चालण्यावरून वळखू येते."

चालवायला मशीन कुठून आणणार? बाबांचं आयुष्य तसंच गेलं. दोन वर्षांपूर्वी जुन्या फिल्मांवर काम करणाऱ्या नागपूरच्या एका बाईंचा पत्ता लागला. फिल्मची नक्कल करून ती कॉम्प्युटरवर चालवून दाखवता येईल, पावसाळा संपला की येते, असं त्या फोनवर म्हणाल्या. बाबांना काचबिंदू होता. "माहे डोळे जायच्या आत ये म्हणा बाईले," एवढंच त्यांनी सांगितलं. फिल्म कशी ठेवायची हेही बाई सांगत होत्या, पण मी ड्यूटीवर निघालो होतो, हो हो म्हणून फोन ठेवला. मी प्लांटच्या फायर सेफ्टीत आहे. आग-पाण्याचं मला कोण शिकवणार, हे मनात होतंच.

त्या उन्हाळ्यात एका ट्रेनिंगमध्ये शिकवणारे म्हणाले की जुनी सिनेमाची फिल्म पेट्रोलसारखी पेटते, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. कुठं सापडली तर आधी पाणी भरलेल्या ड्रममध्ये टाका, मग नष्ट करायला पाठवा. मी ऐकलं ते पहिलं अर्धं. घरी डबा सिलिंडरच्या खोलीत, बाहेर ऊन पंचेचाळीस. बाबा महिनाभरासाठी बोरसीला माझ्या बहिणीकडे गेले होते. मी पेंटचा रिकामा ड्रम घासला, काठोकाठ पाणी भरलं आणि रीळ त्यात सोडलं.

बायको म्हणाली, "बाबाले विचारलं काय?"

"त्याइले काय समजते? आग लागली म्हणजे तू विझवशील?"

"तुमी विझवा. घरात सेफ्टीवाले तुमीच."

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता.

पंचवीस दिवसांनी झाकण काढलं. कुजका वास आला. पाणी चहाच्या चोथ्यासारखं, तळाशी काळा चिकट गाळ. फिल्म बाहेर ओढली तर ती काचेसारखी स्वच्छ निघाली. चित्र ज्या थरावर असतं तो पाण्यात विरघळून गेला होता. मी ती उजेडात धरली. पलीकडे शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे दिसले.

ड्रम मी नालीत ओतला.

बाबा परतले तेव्हा सांगितलं, बाई आधीच येऊन डबा घेऊन गेल्या. त्यानंतर बाईंचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. बाबा दर आठ-दहा दिवसांनी विचारायचे, "कावून रे, झालं काय त्याइचं?" मी म्हणायचो, "करून राहिले, बाबा. नाजूक काम आहे."

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की नजर आता परत येणार नाही. बाबा माझा दंड धरून उभे होते. त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुःख मागून आलं. खरं तेच आहे.

महिन्याभरानं मी त्यांना सांगितलं, फिल्म आली. त्यांनी खुर्ची ओढायला लावली, कपाळावरचा घाम पुसला.

"मले तं दिसत नाही. तू पाह्य अन् सांग. कसा चालते?"

मी लॅपटॉप उघडला. त्यात काहीच नव्हतं. "तुमच्यासारखाच, बाबा."

"लंगडत काय? अरे, माहा पाय तं प्लांटात गेला!" ते मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "बराबर सांग. तंबूतून निंघाला काय?"

"निघाला."

"घाई करते की दमानं?"

"दमानं. सरळ चालतो. टोपी नीट करतो, अन् दांडा धरतो."

"टोपी?"

म्हणताक्षणी मला आठवलं. टोपी मालकाच्या डोक्यावर होती. मालकासमोर आज्याचं डोकं उघडं होतं, आणि खिडकीपाशी दर वेळी बाबांनी बोट ठेवून मला तेच दाखवलं होतं. मी तेव्हा नुसतं मशीन पाहत असे.

बाबांचे हात मांडीवर तसेच होते. म्हणाले, "बंद कर. बॅटरी जाईल."

त्यानंतर त्यांनी फिल्मचं नाव काढलेलं नाही. मी म्हटलं की जेवतात, औषध घेतात. मी खोलीत गेलो की मान भिंतीकडे वळवतात.