तळमजल्यावरच्या शकूमावशी

शकूमावशी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी छताकडे बघायच्या, मग माणसांकडे. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्या नवी सून बघायला वर आल्या. मी पाया पडायला वाकले, आणि मावशी माझ्या डोक्यावर हात ठेवून चक्क वर बघत होत्या. माझ्या नवऱ्याला विचारलं, "अरे नितीन, तो पोपडा कधीपासून सुटलाय?" मला त्यांनी पाहिलं ते त्यानंतर. म्हणाल्या, "छान आहेस गं. पण त्या पोपड्याखाली झोपू नकोस."

आमची इमारत तीन मजल्यांची, पागडीची : एकदा रक्कम मोजली की नाममात्र भाड्यात हक्काने राहायचं. मालक दुरुस्ती करत नव्हता आणि भाडेकरू हलत नव्हते. महापालिकेने दारावर 'धोकादायक'ची पाटी लावली होती. पावसात ती गळून पडायची, पुन्हा कुणीतरी येऊन लावून जायचं. शकूमावशी आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, तळमजल्यावर राहायचे. मावशी बालवाडीत मदतनीस होत्या. भाऊंनी उभा जन्म एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काढला होता आणि तिथून छातीचा विकार घेऊन घरी आले होते. मुलगी सविता कल्याणला दिलेली.

भिंतीला नवी चीर दिसली की मावशी कपाळावरची टिकली काढून चिरेच्या टोकाला चिकटवायच्या. "टिकलीच्या पुढे गेली की मला हाक मार." आमच्या स्वयंपाकघरात अशा सहा-सात टिकल्या होत्या. पाहुणे विचारायचे, ही कुठली नक्षी? मीही हसायचे. मग एकदा शेंगा सोलता सोलता त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण ठाण्यात अशाच इमारतीत राहायची. घर सोड म्हणून मावशींनी तिला परोपरीने सांगितलं होतं. बहीण म्हणाली, दिवाळी होऊ दे, मग बघू. श्रावणात इमारत पडली. "मी तिचा हात धरून ओढून आणायला पाहिजे होतं," मावशी म्हणाल्या. "नुसतं सांगत बसले." एवढंच बोलून त्यांनी शेंगांची सालं गोळा केली. त्यानंतर मी कधी टिकल्यांना हसले नाही.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा आमची मुलगी आशू चार वर्षांची होती. नितीनची नोकरी गेली होती. इमारतीत प्रत्येक घर दार लावून बसलं होतं. मावशींची सगळी धास्ती भाऊंसाठी. किराणा आणला तर जिन्याखालीच हातपाय धुवायच्या, कपडे तिथेच भिजवायच्या. लसीच्या रांगेत भाऊंना खुर्चीवर बसवून स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. भाऊंना लस मिळाली. मावशींचा नंबर येईपर्यंत लस संपली. पुन्हा गेल्या, पुन्हा संपली. "मला काय होतंय? बालवाडीतल्या पोरांनी सगळे सर्दी-खोकले आधीच देऊन ठेवलेत," म्हणायच्या.

त्या मे महिन्यात चक्रीवादळाची बातमी आली. सकाळपासून रिक्षावर भोंगा लावून पुकारत होते : धोकादायक इमारतींमधल्या लोकांनी महापालिकेच्या शाळेत जावं. कुणीही हललं नाही. शाळेत चार ठिकाणची माणसं एकत्र येणार, म्हणजे कोरोना घेऊन येणार. आणि घर सोडलं की मालक कुलूप ठोकणार, हे तर सगळ्यांच्याच मनात. नितीनही म्हणाला, "एकदा बाहेर पडलो ना, तर ही खोली गेली समज. आता भाड्याने घर घ्यायची ऐपत आहे का आपली?"

वारा वाढायला लागला तशा मावशी धापा टाकत वर आल्या. छताकडे बघितलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीजवळ गेल्या. चीर टिकली ओलांडून वीतभर पुढे गेली होती.

"वर्षा, आशूचे कपडे घे. चल."

नितीन म्हणाला, "मावशी, भाडेकरूचा हक्क जाईल हो."

"भाडेकरू राहायला आधी जिवंत राहायला लागतं, नितीन."

"मग तुम्ही जाताय का? भाऊंना घेऊन?"

मावशींनी आशूकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हो. आम्ही पण निघतोय."

पिशवी भरून मी आशूला घेऊन खाली आले, तेव्हा त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. आत भाऊ चिडून बोलत होते. "आपली खोली खालची. मागच्या वर्षीच प्लास्टर करून घेतलंय. इथं काही होत नाही. मला त्या गर्दीत नेऊन मारणार आहेस का?"

"मला ठाऊक आहे, आपली खोली बरी आहे," मावशी म्हणत होत्या. "पण मी बसले तर वरची वर्षा बसेल. ती पोर बसेल. उठा हो. मी तुम्हाला कुणाच्या जवळ जाऊ देणार नाही."

भाऊ उठले. त्यांना उठताना पाहून शेजारची दारं एकेक करून उघडली. भर पावसात आम्ही सगळे शाळेत पोचलो.

शाळेत मावशींनी भाऊंना वर्गाच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी एकटं बसवलं आणि मध्ये दोन बाक आडवे लावले. स्वतः व्हरांड्यात बसल्या, कारण आत जागा नव्हती. वाऱ्याने पावसाचा झोत आत येत होता. लुगड्याचा पदर पिळून पुन्हा डोक्यावर घेत होत्या. बालवाडीतल्या आवाजात ओरडत होत्या, "मास्क वर! नाकावर! हनुवटीला काय कोरोना होतो?" सगळे हसले. त्या दिवशी तेवढंच हसलो आम्ही.

वादळ ओसरल्यावर नितीन घर बघून आला. वर्गाच्या दारातच उभा राहिला. तिथूनच सांगितलं. स्वयंपाकघरातला स्लॅब खाली आला होता. त्याच्याखाली आशूची गादी होती, दुपारी ती तिथेच झोपायची. मावशींनी ते ऐकलं आणि खाली बसल्या. आशूला मांडीवर ओढून तिची पावलं दोन्ही हातांत धरून ठेवली. कितीतरी वेळ सोडली नाहीत.

मावशींच्या खोलीला काहीही झालं नव्हतं.

मावशी आणि भाऊ खोलीत परतले, आम्ही शाळेतच राहिलो. पुढच्याच आठवड्यात मावशींना ताप आला. पावसात भिजल्यामुळे असेल, म्हणाल्या. मग खोकला, मग दम. लागण शाळेत झाली की वाण्याकडे, कोण सांगणार? सविताने धावपळ करून कल्याणला एका हॉस्पिटलात बेड मिळवला. अँब्युलन्समध्ये चढताना मावशींनी भाऊंकडे बघून हात हलवला. भाऊ दारात उभे होते. त्यांना जवळ जायची परवानगी नव्हती.

एकदा मावशींचा फोन आला. एकेक शब्द तोडून बोलत होत्या. "वर्षा, भाऊंचा पंप... सकाळ-संध्याकाळ. विचारल्याशिवाय घेत नाहीत ते." मी म्हटलं, "मावशी, मी विचारतेय रोज. तुम्ही लवकर या." "हो," म्हणाल्या. त्यानंतर त्यांचा आवाज मी ऐकला नाही.

त्यांना घरी आणलंच नाही. जावई एकटा गेला, लांबून नमस्कार करून परत आला. भाऊ तेव्हा त्या शाबूत खोलीत एकटेच होते, दाराला क्वारंटाइनचा कागद लावलेला. मी बाहेरून जेवणाचं ताट ठेवायचे. आतून खोकल्याचा आवाज आला, म्हणजे भाऊ ताट घ्यायला उठले, की परतायचे.

इमारत नंतर पाडली. आम्ही शीळफाट्याजवळ भाड्याने राहतो. हक्काच्या खोलीचं काय होणार, अजून कुणी सांगत नाही. भाऊ सविताकडे असतात. मी आशूला घेऊन अधूनमधून कल्याणला जाते. आशूला मावशी फारशा आठवत नाहीत. भाऊ तिला जवळ बोलावतात, शाळेचं विचारतात, खाऊ देतात. ती आत खेळायला गेली की खुर्ची माझ्याजवळ सरकवतात.

"वर्षा, तुझ्या स्वयंपाकघरातला स्लॅब पडला होता ना गं?"

"हो भाऊ, पडला होता."

"पोरगी झोपायची तिथेच?"

"बरोब्बर तिथेच."

"मग बरोबर केलं तिनं."

दरवेळी हेच विचारतात. मीही पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सगळं सांगते. मागच्या भेटीत मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "आमचा एक कपसुद्धा फुटला नव्हता गं."