धाकट्याचा नंबर

मास्तर शिंपी होते, आणि शिंप्याची नजर फार वाईट. गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या चढून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर, खांद्याचा उतार सगळं मास्तरांच्या डोळ्यांत उतरलेलं असे. गळ्यातली टेप आपली समोरच्याच्या समाधानाला. शर्टाच्या खिशात दोन खडू. एक पांढरा, चपटा, कापडावर खुणा करायचा. दुसरा निळा, चौकोनी, पूल नावाच्या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या स्टिकच्या टोकाला घासायचा. दोन्ही खिशातच राहून शर्ट धुतला गेला की घरात जो उद्धार व्हायचा तो इथे सांगण्यासारखा नाही.

पूल हॉल दुकानासमोरच होता, दुसऱ्या मजल्यावर. तीन टेबलं, बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना, आणि त्यातली सातवी पायरी करकरणारी. तिथल्या एकतीस खेळाडूंचे नंबर मास्तर ठरवायचे. सगळे काही सारखे खेळत नाहीत, म्हणून ही नंबरांची भानगड. सहा नंबरवाल्याने सहा डाव जिंकायचे, तीनवाल्याने तीनच. आपला आकडा जो आधी गाठेल त्याचा सामना. याला म्हणायचं हँडिकॅप. त्यामुळे कालचा नवशिकाही एखाद्या जुन्या खोडाला घाम फोडू शकतो.

पण नंबर आला की लबाडीही आलीच. काही महाभाग मुद्दाम हरतात, नंबर खाली ठेवतात आणि मोठ्या स्पर्धेत खरा हात दाखवतात. हॉलमध्ये याला 'दाबून खेळणं' म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पूलवाल्यांनीच काढली असावी. मास्तर मात्र असल्यांना दोन सामन्यांत पकडायचे. त्यांची खूण साधी होती. ते सांगायचे, "खरंच चुकलेला माणूस टेबलाकडे बघतो. मुद्दाम चुकलेला समोरच्याच्या तोंडाकडे बघतो."

धाकटा म्हणजे मास्तरांचा पाठचा भाऊ. दुकानात मास्तर कापायचे, तो शिवायचा. एकोणीस वर्षं दर रविवारी दोघं एकमेकांविरुद्ध खेळले. मास्तर सहा, धाकटा चार. दोन डावांची सवलत असूनही धाकटा हरायचा, आणि हरताना दादाकडे बघून गोड हसायचा. ब्रेक मारताना, म्हणजे मांडलेले बॉल पहिल्या फटक्यात फोडताना, त्याने दादासमोर कधी एक बॉलही टेबलाच्या पॉकेटमध्ये घातला नव्हता. मास्तर म्हणायचे, "हातात जोर आहे गाढवाच्या, पण डोकं नाही."

पहिल्याच वर्षी एकदा तो जिंकला होता. त्यानंतर मास्तरांनी अकरा दिवस अबोला धरला आणि रागारागात एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. पुन्हा तो कधी जिंकला नाही.

मास्तर वरच्या संघाचे कप्तान. त्या संघात सहाच्या खालच्याला प्रवेश नाही, हा नियम मास्तरांचाच. धाकटा एकदाच म्हणाला होता, "दादा, मला घे ना वरच्या संघात. तुझ्या बाजूने खेळायचंय एकदा."

"नंबर मागून मिळत नसतो," मास्तर म्हणाले होते. "खेळून मिळतो."

मग एका दुपारी धाकटा मशीनवरच गेला. सुई कापडात तशीच रुतलेली, पाय पायडलवर. मास्तर पाठमोरे होऊन कापत होते. मशीनचा आवाज थांबला हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि तो थोडा वेळ ते पुढे कधीच विसरले नाहीत.

नंबरांचा हिशेब आता धाकट्याची मुलगी संगणकावर करायची. ती शाळेत गणित शिकवायची. तिची पद्धत अशी की कोणाचाच नंबर सुटा नसतो. तुम्ही ज्याला हरवलंत तो पुढे दुसऱ्यांना हरवू लागला, तर तुमचा जुना विजयही वजनदार होतो. सगळे एकाच दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. एकाला ओढलं की सगळे हलतात. म्हणूनच मास्तरांनी पूर्वी नियम केला होता की गेलेल्या खेळाडूचं सामन्यांच्या नोंदीचं कार्ड वर्षभर काढायचं नाही. एकदम काढलं तर सगळेच हेलपाटतात.

त्यामुळे धाकटा गेल्यावरही दर रविवारी भिंतीवर लागणाऱ्या यादीत धाकटा होताच. चार पूर्णांक तीन. खालून नववा.

दुसऱ्या महिन्यात तो खालून दहावा झाला. पुढच्या महिन्यात बारावा.

पहिल्यांदा लोकांनी थट्टा केली. हॉलचा मालक जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "मास्तर, धाकटे वर गेले ते गेले, आता यादीतही वर चाललेत." कोणीतरी हसलंही. पुतणीने समजावून सांगितलं की बुधवारी दुपारी, मास्तर जेवायला घरी गेले की, बाबा इथे येऊन नवशिक्यांशी खेळायचे. ते नवशिके आता तयार झाले आहेत, म्हणून बाबांचे जुने विजय मोठे होताहेत. हिशेब सरळ होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण मान डोलावणं वेगळं आणि दर रविवारी भिंतीकडे बघणं वेगळं. मेलेला माणूस एक-एक ओळ वर चढत होता. घाई नाही, विसावा नाही. यादी लावायच्या वेळी जिन्यातली सातवी पायरी करकरायची आणि मागून कोणीच यायचं नाही. लाकूड जुनं आहे, असं मालक न विचारताच सांगू लागला. कोपऱ्यातली धाकट्याची खुर्ची आपोआप रिकामी राहू लागली. थट्टा बंद झाली. ज्याच्या नावाच्या वर धाकट्याचं नाव पुढच्या आठवड्यात जाणार असे, तो माणूस यादी न वाचताच घरी जायचा.

आणि मास्तर? मास्तर हरत होते. चारवाले, पाचवाले, कोणीही यावं आणि त्यांना हरवून जावं. हात थरथरत नव्हता, नजर शाबूत होती, तरी हरत होते. नवल म्हणजे त्यांचा नंबर हलत नव्हता. सहा पूर्णांक शून्य. जणू खाली कोणीतरी हात लावून धरलाय.

दहाव्या महिन्यात धाकटा चढत चढत त्यांच्या फक्त तीन ओळी खाली येऊन ठेपला तेव्हा मास्तरांचा धीर सुटला. त्यांनी पुतणीला बाजूला घेतलं.

"काढून टाक त्याचं कार्ड."

"मोठे काका, नियम तुमचाच आहे. वर्ष व्हायचंय अजून."

"नियम मी केला, मीच मोडतो. मला रविवारी हा जिना चढवत नाही, पोरी. भीती वाटते."

तिने संगणक त्यांच्याकडे वळवून धाकट्याची ओळ पुसली आणि हिशेब पुन्हा चालवला. मास्तरांच्या नावापुढे आकडा आला: चार पूर्णांक एक.

"हे काय?"

"तुमचा सहा बाबांवर उभा आहे," ती हळूच म्हणाली. "तुमचे निम्म्याहून जास्त विजय त्यांच्यावरचेच आहेत. ते वर चढतात म्हणून तुम्ही इतके हरूनही पडत नाही. त्यांना काढलं की तुम्ही चार."

तिने ओळ परत घातली. आकडा परत सहा झाला.

"आज सहा-सात नंबरवर असलेल्या आठ जणांना बाबांनी हरवलंय," ती म्हणाली. "बाबा हरले फक्त एकाच माणसाशी."

त्या रात्री मास्तर झोपले नाहीत हे सांगायला नको. एकोणीस वर्षांचे रविवार त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि प्रत्येक रविवारी बॉल चुकला की धाकटा टेबलाकडे बघत नव्हता. त्यांच्या तोंडाकडे बघत होता. गावभरच्या लबाडांना दोन सामन्यांत पकडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दिव्याखाली एवढा अंधार होता. आणि याच तोंडाने त्यांनी त्याला सांगितलं होतं, नंबर खेळून मिळतो.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी हॉलमध्ये 'शेजारचा सामना' व्हायचा: यादीतल्या प्रत्येकाने आपल्या लगेच खालच्याशी खेळायचं. त्या आठवड्यात यादी लागली आणि बघायला कोणी पुढे झालं नाही. मास्तर, सहा पूर्णांक शून्य. त्याखाली धाकटा, पाच पूर्णांक नऊ. आणि त्याच आठवड्यात त्याला जाऊन वर्ष होत होतं.

नियम स्पष्ट होता. जो पंधरा मिनिटांत येणार नाही तो हरला. मास्तरांनी नुसतं उभं राहायचं, आणि सहा वाचला, अकरा वर्षांची कप्तानी वाचली. हरले तर सहाच्या खाली, संघाबाहेर. मालक म्हणालाही, "मास्तर, फुकटचा विजय आहे, घेऊन टाका. त्यांना काय फरक पडतोय आता?"

बाकीचे सामने दुपारी दोनपर्यंत आटोपले. एरवी शेवटच्या सामन्याला माणसं खिडकीवर बसायची. त्या दिवशी सगळ्यांना एकदम चहाची तल्लफ आली. हॉलमध्ये मास्तर आणि पुतणी, दोघंच. तिने बॉल मांडले, घड्याळ बघितलं आणि कोपऱ्यातल्या मेजापाशी जाऊन बसली.

मास्तर उभे राहिले. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. पांढरा बॉल जागेवर होता. पाच मिनिटं झाली. सातवी पायरी करकरली. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. खिशातला निळा खडू त्यांनी काढला, तर तो डाव्या बाजूने झिजलेला. धाकटा डावरा होता. हा खडू आपण आज कुठून उचलला हे मास्तरांना आठवेना.

अकराव्या मिनिटाला ते भिंतीपाशी गेले. आपली स्टिक त्यांनी खुंटीला टांगली. शेजारची धाकट्याची स्टिक वर्षभर कोणी हलवली नव्हती. ती खाली घेतली, रुमालाने पुसली आणि टेबलावर आडवी ठेवली.

"मोठे काका, काय करताय?"

"नियम वाच." हॉलमध्ये जुना रिवाज होता: मध्येच कोणाला बाहेर जावं लागलं तर त्याने स्टिक टेबलावर ठेवून जायचं. ज्याची स्टिक टेबलावर, तो हजर. "त्याची टेबलावर आहे. माझी नाही."

"तुम्ही संघाबाहेर जाल."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "तू निकालाची चिठ्ठी लिही."

ते बाहेर पडले आणि जिन्यातच बसले. उरलेली मिनिटं मोजत राहिले. पंधरावं मिनिट सरलं असेल नसेल, वरून आवाज आला. खाडकन, स्वच्छ, मोकळ्या हाताने मारलेल्या ब्रेकचा. मग बॉल धावल्याचा गडगडाट. मग पॉकेटमध्ये पडल्याचा: एक. दोन. थोडं थांबून, तिसरा.

पुतणी दारात आली. एका हातात पेन, दुसऱ्यात चिठ्ठी, चेहरा कागदासारखा.

"तुम्ही परत वर आला होतात?"

"मी इथेच आहे."

"मी टेबलाकडे पाठ करून लिहीत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच..."

बॉल तूच फोडलेस का, असं मास्तरांनी तिला विचारलं नाही. "किती पडले?" एवढंच विचारलं.

"तीन."

मास्तरांनी तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ते रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे, वर्षभर रडले नव्हते ते सगळं. "एकोणीस वर्षं," ते म्हणत होते, "एकोणीस वर्षं एक पाडला नाही गाढवाने माझ्यासमोर."

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. खालून मालकाच्या चहाच्या पेल्यांचा आवाज येत होता. मग मास्तरांनी चिठ्ठी घेतली. 'धाकटा विजयी. मास्तर गैरहजर.' खाली सही केली.

"आता बाबांचं कार्ड काढायचं," ती म्हणाली. "वर्ष झालं."

"काढ. पण आधी त्याचा नंबर नीट लिही. मी सांगतो तो. ठरवायचा मान अजून माझाच आहे."

"किती?"

मास्तरांनी वर उघड्या दाराकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे, टेप न काढता.

"सात. आणि मला चार."

तिने दोन्ही आकडे लिहिले आणि सवयीने वजाबाकी केली. "म्हणजे आता तुम्ही दोघं खेळलात तर बाबा तुम्हाला तीन डाव देणार."

"देतच होता," मास्तर म्हणाले, आणि कठड्याला धरून उठले.