आत्याचा चरखा असलेला झेंडा

आत्या गेली तेव्हा स्वातंत्र्यदिन नुकताच होऊन गेला होता आणि आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीतल्या गॅलऱ्यांवर अजून झेंडे होते. तिला शंभरी गाठायला थोडंच बाकी होतं. लहानपणी ती गिरगावातल्या प्रभातफेऱ्यांत चालली होती, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिने लग्न केलं नाही. मला आणि दादाला तिनेच वाढवलं.

सोसायटीचे सेक्रेटरी आपल्या गॅलरीतला तिरंगा काढून घेऊन आले. म्हणाले, "आजींना यातच न्यायचं."

मी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. तोंडातून निघून गेलं, "तसं चालत नाही हो. शासकीय किंवा सैनिकी इतमामातच राष्ट्रध्वज पांघरतात."

त्यांनी तिरंग्याची घडी घातली. दादा मात्र उठला, आत्याचं कपाट उघडलं आणि तळातून तिचा झेंडा काढला. हातकताईची जाड खादी, केशरी, पांढरा, हिरवा आणि मधे निळा चरखा. परकराच्या नेफ्यात लपवून ती हा फेरीला न्यायची.

"हा तर पक्षाचा ना?" दारातून कोणीतरी विचारलं. "उगाच फोटो निघतील. राजकारण नको."

"पक्षाचा नाही," मी म्हटलं. मग मलाच थांबावं लागलं, कारण ते पूर्ण खरं नव्हतं; तो स्वीकारला होता पक्षानेच. "म्हणजे, तेव्हा चळवळीचा होता. स्वातंत्र्याच्या वेळी चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. हा त्याच्या आधीचा आहे."

"मग हा राष्ट्रध्वज आहे की नाही, तेवढं सांग," दादा म्हणाला.

आजच्या कायद्याने नव्हता. पण ती आठवीत असताना तिच्यासाठी दुसरा कुठला होता? मला दोन्ही उत्तरं येत होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"अंगावर नको घालायला," मी शेवटी म्हटलं. "वाद होईल."

दादाने झेंडा छातीशी धरला. "तुला आयुष्यभर बरोबरच ठरायचं असतं," एवढंच तो बोलला. आत्याला आम्ही तिच्या नेहमीच्या पांढऱ्या सुती लुगड्यात चंदनवाडीच्या स्मशानात नेलं. तिथे तो माझ्या शेजारी उभा राहिला नाही.

दिवस झाल्यावरही तो फोन उचलत नव्हता. दिवाळीत वहिनीने बोलावलं म्हणून मी दादरला त्यांच्या घरी गेले. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत तो झेंडा लावला होता, उभा. केशरी पट्टा बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. उभा लावताना तो डावीकडे हवा. शिवाय चरखाही आडवा झाला होता.

दादा चहा घेऊन आला. "छान बसलाय ना?" त्याने विचारलं. कितीतरी आठवड्यांनी तो माझ्याशी आपणहून बोलत होता.

"छान आहे," मी म्हटलं.

चहा पिताना मी भिंतीकडे पाठ करून बसले. हा नियम त्या जुन्या झेंड्याला लागू आहे का, हेही मला नक्की माहीत नाही. तो अजून तसाच आहे. मी दादाकडे जाते, पण त्या खोलीत फार वेळ बसवत नाही.