उजव्या बाजूची हवा

आमच्या ह्यांना कामावर सगळे फौजदार म्हणतात. पोलीस खात्याशी ह्यांचा सात जन्मांचा संबंध नाही. हे टायरची हवा तपासतात. पण तपासताना चेहरा असा करतात, की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी चोरलंय.

गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. विमानं कधीच बंद झाली. आता वाहनांविषयी लिहिणारं एक मासिक ती भाड्याने घेतं आणि दरवर्षी एक भन्नाट स्पोर्ट्स कार आणि एक तशीच मोटरसायकल तिथे एकाच वेळी सोडतं. पुढे कोण गेलं ते छापून येतं, म्हणून दोन्ही कारखान्यांची माणसं डोळ्यांत तेल घालून उभी असतात. लबाडी होऊ नये म्हणून वाहनं आधी ह्यांच्या ताब्यात येतात. हे वजन करतात, हवा बघतात, शेडला कुलूप घालतात आणि किल्ली खिशात ठेवतात. मी तिथेच कँटीन चालवते, त्यामुळे ह्यांचा कारभार मला खिडकीतून दिसतो.

संशय हा ह्यांचा स्वभावच. भाजी आणली की घरी पुन्हा वजन. डॉक्टर म्हणाले काही झालं नाही, तर हे दोन दिवस झोपत नाहीत, डॉक्टर नक्की काय लपवतोय म्हणून. मी लग्नाला लगेच होकार दिला, तेव्हा ह्यांनी आपल्या मावशीला विचारलं होतं, मुलीत काही खोट आहे का. हे मला मावशीनेच सांगितलं. मी तेव्हा हसले होते. पुढे पुढे हसू कमी झालं.

आमची एकुलती एक लेक मोटरसायकल चालवते, त्याच चाचणीत. कार चालवतो तो तिचा ठरलेला नवरा. मुलगा शांत, नीट बोलणारा, आल्यावर कप उचलून ठेवणारा. ह्यांना तेच खटकायचं. "इतका गोड वागतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," म्हणायचे. लेकीने मात्र त्याला एकच गोष्ट बजावली होती. आधीच्या एका चालकाने बाईमाणूस म्हणून तिच्यासाठी वेग कमी केला होता, तो अपमान ती विसरली नव्हती. तू तसं केलंस तर लग्न मोडलं समज, असं तिने माझ्यासमोर त्याला सांगितलं होतं.

तसं कोणी केलं तर ते लपतही नाही. सुरुवातीला मोटरसायकल सुसाट सुटते. ती अंगाने हलकी, त्यामुळे कार मागेच राहते. पण फार जोर दिला की तिचं पुढचं चाक उचलतं, म्हणून हात आखडता घ्यावा लागतो, आणि पुढे वारा चालवणाऱ्याला छातीवर ढकलतो. कार जमिनीला चिकटलेली, ती जोर धरतच जाते. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबापाशी ती बरोबरीला येते आणि पुढे निघते. ब्रेक लावण्यात आणि वळणावर तर चार चाकांपुढे दोन चाकांचं काही चालत नाही. हे दरवर्षीचं. खांब आला की मी चहाचं आधण ठेवायला आत वळायची.

त्या वर्षी सकाळी कार आली ती माझ्या भिंतीलगत उभी राहिली. डावी बाजू भिंतीच्या सावलीत, उजवी उन्हात. ह्यांनी हवा मोजली, तर उजवीकडे जास्त. ह्यांच्या मनात पाल चुकचुकली. टायर कडक असला की कार हलकी धावते, म्हणजे कारखान्याच्या माणसांनी गुपचूप हवा भरली असणार. खरं तर तापलेला टायर हवा जास्त दाखवतो, म्हणून गाडी सावलीत घ्या, टायर गार होऊ द्या, मग मोजा, हे ह्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. उन्हात मोजणाऱ्या एकाला तर ह्यांनी चारचौघांत झापलं होतं. पण चोर हाती लागल्यावर सावली कोण शोधतो? ह्यांनी उजव्या दोन्ही टायरमधली हवा सोडून चारही सारखे केले, कार शेडमध्ये ढकलली, कुलूप लावलं. मग कँटीनमध्ये येऊन माझ्या कानात म्हणाले, आज एकाला पकडला.

दुपारी दोघं सुटली. लेक पुढे. कार जवळ येत गेली, खांबापाशी तिचं नाक मोटरसायकलच्या मागच्या चाकाला भिडलं, आणि एकदम मागे पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा दगडासारखा होता.

मुलगा उतरला, पांढराफटक पडलेला. म्हणाला, कार उजवीकडे ओढायला लागली म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"कार ओढत नसते," हे सगळ्यांसमोर म्हणाले. "पाय उचलायचाच असला की ओढते."

लेकीने ह्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लग्नाचं विसर," एवढंच बोलली आणि निघून गेली.

घरी ती जेवली नाही. हे जेवले, आणि मला ह्यांचा राग आला. आपलं खरं ठरल्याचं समाधान लपत नव्हतं. पण समाधानावर थांबतील तर फौजदार कसले. कारमध्ये खोट नव्हती ह्याचा पुरावा हवा म्हणून सकाळी शेड उघडलं. मी चहा घेऊन गेले तर हे उजव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. डावीकडची हवा बरोबर होती. उजवीकडे, टायर गार झाल्यावर, पुढेही कमी आणि मागेही कमी. दुसऱ्या मापकाने पाहिलं, तेच. आधी कारखान्यावर संशय घेतला. मग मुलावर. मग, किल्ली तू घेतली होतीस का गं, असं मलाही विचारून झालं. संशय घ्यायला कोणी उरलं नाही तेव्हा जमिनीवरच बसले.

"मी उन्हात मोजली," म्हणाले.

मी घाबरले. म्हटलं, फक्त लेकीला सांगा, नोकरी जाईल. ह्यांनी ऐकलं नाही. कँटीनमध्ये संपादक, कारखान्यांची माणसं, लेक आणि तो मुलगा, सगळ्यांना बोलावून जसं घडलं तसं सांगितलं. इतक्या वर्षांत मला ह्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. लेक उठून मुलाच्या शेजारी जाऊन बसली. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या काका, होतं असं."

संपादकांनी शांतपणे चहा संपवला. "म्हणजे लेक तुमची मोटरसायकलवर," ते म्हणाले, "आणि हवा गेली ती नेमकी कारची."

कोणीतरी खाकरलं. ह्यांनी आपणहून खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. निघताना लेकीने ह्यांचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, चुकूनच ना?"

घरी आल्यावर हे पायताण न काढताच खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तुला तरी पटतंय ना, मी मुद्दाम केलं नाही ते?"

"पटतंय," मी म्हणाले. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबले.

ह्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. मान हलवली, आणि वाकून पायताण काढायला लागले.