पायगुणाची गाडी

राजुरीच्या हौशीरामचा ट्रक घरामागच्या बाभळीखाली उभा होता. चाकं कधीची मातीत रुतलेली. तरी रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं काच पुसायचा, अन् ड्रायव्हरशेजारच्या रिकाम्या सीटवरून हात फिरवायचा. बायकोला, साळुबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. पोरगा गोरख नारायणगावात टोमॅटोच्या धंद्यात. त्यानं फोनवरच सांगितलं, गाडीच्या जागी क्रेटं ठेवायला शेड घालायचीय, सोमवारी भंगारवाला येईल.

त्याआधी नारायणगावच्या गॅरेजातला मिस्त्री संपत आला. पुण्यातल्या एका शौकिनाला जुन्या गाड्या हव्या होत्या, पण सत्तर सालापर्यंत कारखान्यातून निघालेल्याच. ही तशी निघाली तर दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्याला लागणार. नाहीतर सोमवार ठरलेला.

कागद उंदरांनी खाल्लेले, चासीवरचा नंबर गंजानं गिळलेला. संपत खाली सरपटला, डिझेलच्या बोळ्यानं गिअरबॉक्स घासला. बिडात ओतलेला आकडा वर आला. एकोणसत्तर.

"गिअरची पेटी जुनी हाय, बाबा. पन मागून बदललेली बी असती. गाडी कवाची, ते तुमीच सांगा."

आख्ख्या गावाला हौशीरामनं जन्मभर एकच सांगितलेलं. बहात्तरला लगीन झालं, साळूनं उंबरा वलांडला अन् महिन्याच्या आत दारात नवीकोरी गाडी. तिचाच पायगुण. साळू हे ऐकताना पदर तोंडाला लावायची.

पण हौशीरामच्या बापानं ती गाडी दुसऱ्याकडून घेतलेली. त्या गड्यानं कारखान्यातून नुसती चासी आणली, अन् बॉडी न बांधता तशीच उभी ठेवली.

"बहात्तरची आसंल तर तसं सांगा. मी निघतो."

"पेटी कुनी बदलली न्हाई," हौशीराम म्हणाला. "सत्तरची हाय. पन दोन वर्सं नुसता सांगाडा व्हता. गाडी झाली ती साळू आल्यावर."

"म्हंजी दोन वर्सं गाडी बी माहेरीच बसली व्हती म्हना की," संपत हसला.

हौशीराम हसला नाही. "त्या पुण्याच्या पावण्याला साळूचं येवढं सांग, बाबा."

रविवारी क्रेन आली. बाभळीखाली गवत नसलेला एक चौकोन उरला.

सोमवारी सकाळी हौशीराम फडकं भिजवून मागं गेला. चौकोनाच्या कडेला जरा वेळ उभा राहिला. मग फडकं घट्ट पिळलं अन् बाभळीच्या फांदीवर वाळत घातलं.