रविवारचं तेल

रविवारी सकाळी नातीच्या डोक्याला तेल लावायचं काम माझं. सूनबाई त्यात पडत नाही. नात इथे जपानात, ग्योतोकुतच वाढली, मराठी समजते पण उत्तर जपानीत देते. तेल लावताना मात्र तिला पळता येत नाही, म्हणून माझ्याशी मराठीत बोलते. आठवड्यातून तेवढाच वेळ ती मला पुरती मिळायची.

या वर्षी तिथेही ती बाई शिरली. ऑस्ट्रेलियाची. तिकडचा फुटबॉल पगार घेऊन खेळायची. आता इथे नोकरी करते आणि रविवारी नदीकाठच्या मैदानावर मुलींना तोच खेळ शिकवते. न सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू, उडी मारून हातात झेलायचा आणि मग लाथेने उडवायचा. नात माझ्यापुढे बसून सगळं तिचंच सांगायची. गुडघा फाटला, ऑपरेशन झालं, तरी परत मैदानात उतरली. खेळ वर्षातले काही महिनेच, म्हणून बाकीचे दिवस लोकांची घरं रंगवायची. मग एक दिवस क्लबने सांगितलं, पुढच्या वर्षी तू नकोस.

"मग रडली का?" मी विचारलं.

"नाही. दुसऱ्या दिवशी रंगवायला गेली."

रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी चौथीपर्यंत शिकले. लंगडीत मला कोणी धरू शकत नव्हतं, पण खेळून आले की घरी मार बसायचा. हिला त्याच पळापळीचा पगार. पूर्वी नात म्हणायची, "आजी, तुझं लंगडीचं सांग." आता म्हणत नाही.

नातीची पहिली मॅच होती त्या दिवशीही मी नेहमीसारखं तेल लावलं. उरलेलं तेल तिच्या तळहातांना आणि तळपायांना चोळलं. आमच्याकडे तसंच करतात, वाटीत तेल ठेवत नाहीत. वेणी घट्ट घातली आणि मीही मैदानावर गेले.

पहिला चेंडू सरळ तिच्याकडे आला. तिने छान उडी मारली आणि चेंडू हातांतून सटकला. पुढचाही सटकला. मी नातीकडे नाही, त्या बाईकडे बघत होते. म्हटलं, दिसू दे हिने काय शिकवलंय ते.

बाईने नातीला कडेला बोलावलं, तिचा हात नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघून हसली. मग कोरडी माती घेऊन तिचे तळवे खसाखसा चोळले. त्यानंतरचा चेंडू हातात चिकटला. मॅच संपल्यावर नात धावत सुटली ती त्या बाईच्या गळ्यात पडली. मी पिशवी धरून उभी.

दोघी माझ्याकडे आल्या. नात म्हणाली, "ती म्हणते, तेल मॅचनंतर लाव."

"तिला सांग, तुझ्या बापाच्या डोक्यालाही मी सकाळीच लावत होते. कधी लावायचं ते मला तिने शिकवू नये. आणि रात्री उशीचे अभ्रे कोण धुणार?"

नात तिच्याकडे वळून एकच शब्द बोलली. बाई खुशीत खाली बसली आणि तिने गुडघा पुढे केला. त्यावर लांब व्रण.

"ती विचारते, हे तेल गुडघ्याला चालतं का? थंडीत दुखतो."

"तू तिला काय सांगितलंस?"

"ओके."

तेव्हापासून तेल संध्याकाळी. बाई कधीमधी येते. मी तिचा गुडघा चोळते. तिचे पाय अजून खांबासारखे आहेत, आणि ते मला बघवत नाहीत.

गेल्या रविवारी गुडघा झाल्यावर तिने केस सोडले आणि माझ्यापुढे पाठ करून बसली.

"लाव ना, आजी," नात म्हणाली.

"गुडघा चोळीन. डोकं नाही. सांग तिला."

या वेळी नातीने जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण बाई हसत बाजूला सरकली. मग नात स्वतःच माझ्यापुढे येऊन बसली.